सोराबशेठची गाडी

५ ऑक्टोबर १९८६, पालघर

आज गाडी सुरू झाली. नऊ वर्षांनी! आधी दोनतीनदा नुसती खोकली, मग काळा धूर सोडून अशी धडधडायला लागली की चिकूच्या झाडांवरचे पक्षी उडाले आणि वाडीत काम करणारी नवसी टोपली टाकून घराच्या मागे पळाली. केकीशेठ टाळ्या वाजवत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरानं, म्हणाले. खोटं कशाला लिहू, माझ्याही आलं.

घरी येऊन नलूला सांगितलं. "चालली?" म्हणाली. "सुरू झाली, चालायला अजून वेळ आहे," म्हटलं. तिनं ताट वाढलं. हात साबणानं दोनदा धुऊनही तेलाचा वास जाईना, म्हणून चमच्यानं जेवलो.

ही वही आजपासून सुरू करतो. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनची ड्रॉइंगं काढतो, त्यातलं काही लक्षात ठेवावंसं वाटत नाही. रविवारी तारापूरला केकीशेठच्या वाडीत जे घडतं ते मात्र राहायला हवं.

गाडी अमिलकार. फ्रान्सची, १९२६च्या सुमाराची. दोन माणसांची, जमिनीलगत बसकी, तारांची चाकं, आणि मागची बाजू होडीच्या नाळीसारखी निमुळती. दोन्ही सीटं एका रेषेत नाहीत. बाजूचा माणूस जरा मागे बसतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या कोपराला अडचण नको. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कितीतरी दिवस पुरलं होतं. साठ वर्षांपूर्वी पॅरिसजवळ कुणी माझ्यासारखाच ड्राफ्ट्समन टेबलावर वाकून कोपराचा विचार करत बसला असेल.

ही गाडी केकीशेठच्या थोरल्या भावाची, सोराबशेठची. सोराबशेठनं ती मुंबईत घेतली, वाळूवरच्या शर्यतीत पळवली, पहिला आला. मग वडिलांशी काहीतरी बिनसलं. वडिलांनी रागानं गाडी विकून टाकली, सोराब आफ्रिकेला गेला आणि तिकडेच वारला. पुढे पालघरच्या भाताच्या गिरणीच्या गोडाऊनात, पोत्यांखाली, केकीशेठना ती सापडली. त्या वेळी मी गिरणीच्या पट्ट्याचं ड्रॉइंग करायला गेलो होतो. तिथंच आमची ओळख झाली.

१२ ऑक्टोबर

सबनीसांचा मुंबईहून फॅक्टरीत फोन आला होता. जुन्या गाड्यांच्या क्लबाचं काम बघतात, स्वतःकडे एक इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. फेब्रुवारीत रॅली आहे, अमिलकार हिंदुस्थानात फार नाहीत, आणा म्हणाले. फक्त गाडीचा इतिहास लागेल: कुणी आणली, कुणाकडून कुणाकडे गेली, शर्यतीत होती तर कुठे.

केकीशेठना सांगितलं तर म्हणाले, "इतिहास शुं? माझ्या भावाची गाडी. लिही, संपलं."

"एवढ्यावर नाही भागणार, केकीशेठ. खोलात जावं लागेल."

"खोलात जाऊन काय मोती काढायचेत?" असं म्हणून स्पार्क प्लग पुसत बसले.

त्यांना अभ्यासाची गोडी नाही. ती बाजू मलाच बघावी लागणार.

२ नोव्हेंबर

दिवाळी. सकाळी फराळ करून तारापूरला गेलो, नलूचं तोंड जरा वाकडं होतं.

सोराबशेठचा एकच फोटो आहे, केकीशेठच्या दिवाणखान्यात लावलेला. पांढरी पाटलोण, केस उडालेले, गाडीच्या बॉनेटवर हात. तो मागच्या महिन्यात बोईसरच्या फोटो स्टुडिओतून मोठा करून आणला होता. आज भिंगातून बघताना एक गोष्ट दिसली. बॉनेटच्या बाजूला हवा जायच्या फटी असतात. फोटोतल्या फटी तिरप्या आहेत. आपल्या गाडीच्या सरळ.

केकीशेठना दाखवलं. त्यांनी फोटो हातात घेतला, पण फटींकडे बघितलं नाही, भावाकडेच बघत राहिले. "बॉनेट पछी कधीतरी बदललं असेल," म्हणाले.

"मग चासीचा नंबर बघू. पुढे पत्र्यावर ठोकलेला असतो. तुम्ही रंग दिलाय त्याच्याखाली असेल. जरासा खरवडला की—"

"रंगाला हात लावायचा नाही, एकनाथ."

असं तोडून माझ्याशी ते कधी बोलले नव्हते. नंतर लगेच करंजी पुढे केली. माणूस एकटा राहिला की तऱ्हेवाईक होतो.

९ नोव्हेंबर

गाडी चालली! वाडीच्या फाटकातून बाहेर, चिंचणीच्या रस्त्यानं जाऊन परत. रस्त्यावरची पोरं ओरडत मागे लागली. केकीशेठ चालवत होते, मी बाजूला, जरासा मागे. साठीचा माणूस, पण पाठीमागून कॉलेजातला वाटला.

मी म्हटलं, पुढच्या खेपेला नवापूरला नेऊ. ओहोटीला तिथली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते. सोराबशेठ वाळूवर शर्यत जिंकले, आपण वाळूवरचा फोटो काढू, सबनीस खूश होतील.

केकीशेठनी गाडी बाजूला घेतली आणि बंदच केली. "वाळूवर नाही."

"थोडंसंच."

"खारं पाणी लोखंड खातं," म्हणाले. खरं आहे, पण पाण्यात कोण घालतंय? यांचं घर तारापूरचं, उभा जन्म समुद्राच्या काठाशी गेला, आणि नऊ वर्षांत मी त्यांना किनाऱ्यावर एकदाही पाहिलेलं नाही.

२४ नोव्हेंबर

आमच्या फॅक्टरीतला रामू घिवलीचा. स्टोअरमध्ये आहे. डबा खाताना मी नेहमीसारखा गाडीचं बोलत होतो, बाकीचे नेहमीसारखे हसत होते. रामू एकदम म्हणाला, "चुरी सायेब, होडीवानी गाडी म्हंजे ती बुडलेली का?"

"कुठली बुडलेली?"

"माजी आजी सांगते ना. पारशाची लाल गाडी दर्यात बुडली ती."

जेवण तसंच राहिलं.

७ डिसेंबर

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

रामूबरोबर घिवलीला गेलो. त्याची आजी साखरबाई अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगत होती. ताठ बाई, पासष्टीची असेल, आवाज असा की शेजारच्या आळीत ऐकू जावा. मला बसायला पाट दिला आणि स्वतः बोंबील टांगतच राहिली.

"तुला कोनी सांगला गाडीचा?"

"तुमच्या नातवानं."

"त्याला काय म्हायती? तवा त्याचा बापूस पन जल्मला नव्हता. माजा लगीन पन जाला नव्हता." मग बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवत सांगायला लागली. "ती गाडी आली का आमी पोरी हातातला काम टाकून धावायचो. लाल, मागून होडीवानी. सोराबशेट हात करायचा. मानूस चांगला. बाकीचे शेट लोक आमच्याकडं बघत पन नसत."

"आणि बुडाली कशी?"

"ओहोटी व्हती. नवापूरच्या वाळूवरून अशी सुसाट गेली खाडीच्या तोंडाकडं. माजा बापूस होडीवरून वरडला, तिकडं जाव नको, गाळ हाय! गाडीच्या आवाजात काय ऐकू येते? गेली नं रुतली."

"मग?"

"मग काय. दोर लावले. सगला पाडा वडाया लागला, बायापोरी पन. गाडी हालना. नं पानी फिरला. भरती काय कोनासाठी थांबते? शेट गाडी सोडाया तयार नाय. छातीएवडा पानी आला तवा बापसान त्याला बखोट्याला धरून वडला. नं त्यो पोर—"

"कुठला पोर?"

"व्हता एक बारका, बाजूच्या शिटावर. त्याला मी आनला उचलून. माज्या मानेला अशी मिठी मारली का घरी आल्यावर पन सोडना. माज्या लुगड्यात तोंड घालून एकच बोलत व्हता. मीच बोललो पुडं चल, मीच बोललो पुडं चल." तिनं टोपलीतून नवे बोंबील उचलले. "आमी त्याला पेज पाजली. मंग शेटाच्या घरचा बैलगाडी घेऊन मानूस आला. थोरल्या शेटान पोराच्या देखत सोराबशेटला मारला, सांगत व्हते. त्यानंतर सोराबशेट कंदी दिसला नाय."

तो मुलगा कोण ते तिला ठाऊक नाही. नोकरांपैकी कुणाचा असेल, गाडीत बसायची हौस म्हणून घेतला असेल. केकीशेठ तर तेव्हा पाचगणीला शाळेत होते, त्यांनीच मागे सांगितलंय. असो, गाडीच्या इतिहासाच्या दृष्टीनं त्या मुलाला महत्त्व नाही.

महत्त्वाचं पुढचं. मी विचारलं, "ती गाडी नंतर काढली का बाहेर?"

"कोन काढते? मोठ्या ओहोटीला तिची शेपटी दिसायची. दोनचार वरसा दिसली. मंग दर्यान घेतली."

म्हणजे सोराबशेठची गाडी नवापूरच्या खाडीत आहे. विकलीच नव्हती. तिरप्या फटींची ती, आणि आमची सरळ फटींची ही दुसरीच! अख्ख्या जिल्ह्यात एका वेळी दोन अमिलकार होत्या. परतताना एस.टी.त मला बसवेना. नऊ वर्षं नटबोल्ट पुसले, पण असा शोध कधी लागला नव्हता.

साखरबाईला कबूल केलंय की आमच्या गाडीचा फोटो आणून दाखवीन.

८ डिसेंबर

नलूला सगळं वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. शेवटी म्हणाली, "मग केकीशेठना काय वाटेल?"

"काय वाटायचंय? आनंद होईल. ते इतकी वर्षं चुकीचं धरून बसलेत."

"त्यांना कुणी सांगितलं होतं, की गिरणीतली गाडी भावाचीच म्हणून?"

"कुणी म्हणजे? त्यांनी ओळखली."

मेथीची जुडी तिनं खाली ठेवली. "आधी त्यांना एकट्याला सांगा," एवढंच म्हणाली.

२१ डिसेंबर

सांगायचं ठरवून गेलो होतो. केकीशेठना ताप होता. स्वेटर, मफलर घालून गाडीपाशीच खुर्ची टाकून बसले होते. आज त्यांनी आपणहून सोराबशेठच्या गोष्टी काढल्या. सोराब त्यांना खांद्यावर बसवून चिकू काढायला लावायचा. सोराब शीळ घालायचा ती फाटकापासून ऐकू यायची. "रॅलीत गाडी जाईल ना, तेव्हा माणसं विचारतील, कोणाची? आपण सांगायचं, सोराबजींची. पन्नास वर्षांत त्याचं नाव कोणी घेतलं नाही, डिकरा. पप्पांनी घरात घेऊ दिलं नाही."

तापातल्या माणसाला कुठे सांगत बसू? पुढच्या वेळी.

दुसरंही एक कारण आहे, ते इथं लिहायला हरकत नाही. ११ जानेवारीला सबनीस गाडी बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर हे सांगितलं तर त्यांनाही कळेल की बोईसर-पालघरसारख्या ठिकाणी कुणीतरी अभ्यास करतं. नाहीतर मुंबईची मंडळी आपल्याला फक्त गाड्या पुसणारे समजतात.

११ जानेवारी १९८७

सबनीस आले. गोरे, मृदू बोलणारे, पायांत कॅनव्हासचे बूट. गाडीभोवती फिरताना त्यांनी देवळात फिरावं तसा आवाज खाली केला. गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. स्टिअरिंगची पकड, ब्रेकच्या तारा, सीटांची ती मागेपुढे मांडणी. "केकीशेठ, तुम्ही कमाल केलीत," म्हणाले. केकीशेठनी नवा डगला घातला होता. नवसीनं अंगण सारवलं होतं. भावाचा फोटो गाडीच्या बॉनेटवर उभा करून ठेवला होता.

सबनीसांनी विचारलं, "आणि हिची कथा?"

"हा माझा भाऊ सोराब. ही त्याची गाडी," केकीशेठनी सुरुवात केली. "पप्पांनी विकली, मग ती—"

"थांबा केकीशेठ," मी म्हणालो. "आता मी सांगतो. तुम्हालाही ठाऊक नाही अशी गोष्ट आहे."

आणि मी सांगितलं. फोटोतल्या फटी दाखवल्या. साखरबाईचं सांगितलं, ओहोटी, गाळ, दोर, सगळं. तो रडणारा पोरही सांगितला, कारण सांगताना गोष्ट रंगात आली होती. शेवटी म्हटलं, "तेव्हा ही सोराबशेठची गाडी नव्हे. ती समुद्रात आहे. ही दुसरीच, अज्ञात मालकाची. दोन अमिलकार होत्या!"

मला वाटलं होतं सबनीस पाठ थोपटतील. ते केकीशेठकडे बघत होते.

केकीशेठचा हात गाडीच्या दारावर होता. तो त्यांनी काढून घेतला आणि खिशात घातला. मग म्हणाले, "ती बाई आहे अजून?"

"आहे ना! ठणठणीत आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा भेटायला जाऊ."

"सबनीस," ते म्हणाले, "चहा घ्या. गार होईल."

सबनीस घाईनं म्हणाले, "अहो, त्यानं काय फरक पडतो? गाडी उत्तमच आहे. रॅलीला आणाच." केकीशेठनी मान डोलावली. बॉनेटवरचा फोटो उचलला, डगल्याच्या बाहीनं पुसला आणि आत घेऊन गेले. परत आले तेव्हा डगला काढून ठेवला होता.

सबनीसांनी मला त्यांच्या गाडीतून बोईसर स्टेशनला सोडलं. मी उतरताना म्हणाले, "चुरी, हे तुम्ही मला फोनवर सांगितलं असतं ना, तर मी कुठेही लिहिलं नसतं."

"पण खोटा इतिहास—"

"कुणाला हवा होता खरा?"

असं एका अभ्यासू माणसानं म्हणावं याचं आश्चर्य वाटलं.

१२ जानेवारी

नलूला सांगितलं. तिनं उठून खिडकी लावली.

१८ जानेवारी

तारापूरला गेलो. फाटकाला आतून कडी. नवसी आली, कडी न काढताच उभी राहिली.

"शेट बोलते, शेट घरात नाय."

तिलाही ते ऐकायला बरं वाटलं नसावं, कारण लगेच खाली बघितलं. ओसरीवर खुर्ची होती, खुर्चीच्या हातावर पेपर फडफडत होता.

२५ जानेवारी

पुन्हा गेलो. तसंच. या वेळी नवसीनं आठ-दहा चिकू आणून फाटकावरून दिले. शेठनी दिले की तिनंच, ते सांगितलं नाही.

मी काय चूक केली ते नीट मांडून बघतो. मी खोटं बोललो नाही. कुणाचं काही घेतलं नाही. जे कळलं ते सांगितलं. चौघांसमोर नाही, एका माणसासमोर. तरी हातून काहीतरी फुटल्यासारखं वाटतं आणि काय फुटलं तेच सापडत नाही.

८ फेब्रुवारी

आज रॅली. गेलो नाही. नलू म्हणाली, चला, केळव्याला जाऊन येऊ, मुलांनाही बरं वाटेल. गेलो. सुरूच्या झाडांखाली बसून भेळ खाल्ली. मुलं वाळूत किल्ला करत होती. मला एकसारखं वाटत होतं, आत्ता झेंडा पडला असेल, आत्ता गाड्या निघाल्या असतील.

३ मार्च

सकाळची शिफ्ट सुटत होती. शिफ्टच्या बसेस लागलेल्या, रिक्षांची गर्दी, आणि त्यात एक ट्रक अडकून हॉर्न देत होता. ट्रकवर ताडपत्री बांधलेली. ताडपत्रीच्या मागच्या टोकाला ती निमुळती शेपटी. मी गर्दीतून धावलो. ड्रायव्हरला विचारलं, कुठे?

"बंबई. बेच दिया पारसी बाबा ने."

ट्रकच्या चाकाला हात लावून उभा राहिलो तर म्हणाला, हटो साहब. वाट मोकळी झाली आणि ट्रक गेला. रामू माझ्या बाजूला येऊन उभा होता. "ती बुडलेली नाय ना ही?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं.

२२ मार्च

साखरबाईला फोटो दाखवायचं कबूल केलं होतं, ते राहून गेलं होतं. गाडी तर गेली. निदान शब्द तरी पाळावा म्हणून घिवलीला गेलो. फोटो नोव्हेंबरचा, चिंचणीच्या रस्त्यावरचा, केकीशेठ स्टिअरिंगवर बसून हसताहेत.

साखरबाईनं फोटो उन्हात धरला. गाडीकडे तिनं बघितलंच नाही.

"यो कोन?"

"केकीशेठ. सोराबशेठचे धाकटे भाऊ."

तिनं बोट पदराला पुसलं आणि फोटोतल्या चेहऱ्यावर ठेवलं. "मंग योच त्यो. कान बघ कसं हायेत. पेज पीत नव्हता नं ह्येच कान लाल जालेले."

"नाही, साखरबाई. ते तेव्हा पाचगणीला होते. शाळेत."

"मी त्याला कमरेवर घेऊन आली रं," ती म्हणाली. "तू मला सांगते?" मग फोटो उराशी धरून विचारलं, "बरा हाय ना? पोराबालांचा जाला का?"

"लग्न केलं नाही."

"आगाई," ती म्हणाली. फोटो तिनं परत दिला नाही आणि मी मागितला नाही.

एस.टी. चुकली. बोईसरपर्यंत मिळेल त्या वाहनानं आलो. नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसलो. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की ही ती गाडी नाही. ठाऊक असूनच घेतली, ठाऊक असूनच भावाच्या नावानं उभी केली. आणि मी त्यांच्या अंगणात, परक्या माणसासमोर, त्यांना सांगत होतो की एक पोर होता, तो रडत होता. तेही रंगवून.

नलूला हे सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली.

२९ मार्च

तारापूरला फाटक उघडं, घराला बाहेरून कुलूप. नवसी विहिरीवर होती. "शेट डहानूला गेलं, भैनीकडं. आजारी व्हते." पत्ता तिला नीट सांगता येईना, स्टेशनापलीकडे, मोठ्या चिंचेपाशी, पारशाचं घर म्हणाली.

जिथे गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग आहे. नवसी म्हणाली, धुतला तरी जात नाय.

१२ एप्रिल

डहाणूला गेलो. घर सापडलं. त्यांच्या बहिणीनं दार उघडलं, नाव विचारलं, आत गेली, बऱ्याच वेळानं परत आली. केकीशेठ मागच्या व्हरांड्यात बसले होते. वाळलेत. गुडघ्यांवर चादर.

मी म्हटलं, "केकीशेठ, साखरबाईनं तुमचा फोटो बघितला."

"ओळखला?"

"कानांवरून."

त्यांचा हात नकळत कानाकडे गेला. मग खाली आला. "त्या दिवशी तिच्या अंगाला मासळीचा वास होता," ते म्हणाले. "मला आवडला होता."

मी रस्ताभर जुळवत आणलेलं सगळं बोललो. मला कळायला हवं होतं, मी आधी विचारायला हवं होतं, सबनीसांसमोर मोठेपणा मिळवायला गेलो. त्यांनी मध्ये अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "माफ केलं, एकनाथ. माफ तर त्याच दिवशी केलं. तू काय वाईट माणूस थोडाच आहेस."

"मग गाडी का विकलीत?"

"तिच्यात बसलो की मला फाटकापासून शीळ ऐकू यायची. तू सांगितल्यानंतर नाही आली. मग ती नुसती जुनी गाडी." चादर सारखी केली. "आता गाडीचं नको. दुसरं काहीतरी बोल."

मी बोलायला गेलो आणि मला काही सुचेना. कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, सीटचं चामडं, फ्रान्सहून मागवलेलं पुस्तक, सगळं त्या गाडीचंच. नऊ वर्षं जवळजवळ प्रत्येक रविवार या माणसाबरोबर घालवला. यांना गोड आवडतं की तिखट, दुपारी झोपतात की नाही, एकटे राहिले ते का राहिले, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. ते वाट बघत होते. खरंच वाट बघत होते, माझ्या तोंडाकडे बघत.

शेवटी मी विचारलं, "यंदा चिकू कसा झाला?"

"वाडी विकली," ते म्हणाले.

बहिणीनं सरबत आणलं. ते पिऊन झाल्यावर उठलो. केकीशेठ काठी घेऊन फाटकापर्यंत आले, मी नको नको म्हणत असताना. तारापूरला निघताना दर वेळी म्हणायचे, येत्या रविवारी लवकर ये. आज त्यांनी फाटक उघडून धरलं आणि म्हणाले, "सांभाळून जा."